अळणी कोशिंबीर

राजधानी भोपाळला जाणार, असा हुकूम आला. ते कचेरीतून घरी आले, पाय धुतले आणि पेरू कापायला बसले. कापून झाल्यावर वाटी काकूंच्या हातात दिली. काकूंनी खाल्लं. मग ते उठले, वाटी धुऊन पालथी घातली आणि जिन्याखाली उभं राहून माझ्या आईला हाक मारली.

"वहिनी, भोपाळचा हुकूम आला. महिन्याची मुदत आहे."

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. मी तिच्या मागे उभी होते. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. का बघितलं नाही ते मला ठाऊक होतं, आणि तेच सांगायला मी हे लिहिते आहे. पण आधी ते कोण होते ते सांगायला हवं.

ते आमचे घरमालक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, फूलबागेपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं. खालच्या दोन खोल्यांत ते आणि काकू, वरच्या दोन खोल्यांत आई आणि मी. माझे वडील मी लहान असताना गेले होते, आई मुलींच्या शाळेत शिकवायची. खालच्या त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. घरमालकांचे पणजोबा दक्षिणेतून दरबारच्या दफ्तरात कारकून म्हणून आले, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पुरुषाने तेच काम केलं. ते स्वतः संस्थान असताना नोकरीला लागले. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं. "सरकारं बदलली, टेबल तेच आहे," ते म्हणायचे. हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. मध्यभारताच्या दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. ऊन तापायला लागलं की फायली पेट्यांत भरून कचेरी रेल्वेने इंदूरला जायची आणि दसऱ्याच्या सुमारास परत यायची. टेबलही कधीकधी जायचं.

ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. मला, शाळेत जाणाऱ्या मुलीला, 'तुम्ही'. दारात येणाऱ्या मांजराला सुद्धा, "तुम्ही काल आला नाहीत." चेष्टा नव्हती ती. त्यांना दुसऱ्या पद्धतीने बोलता येत नसावं.

काकूंना मूत्रपिंडाचा आजार होता. पाय सुजायचे, चेहरा सुजायचा. मुरारला, ग्वाल्हेरच्याच छावणीच्या भागात, पलटणीतून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते, त्यांनी मीठ पूर्ण बंद केलं. ज्या दिवशी बंद केलं त्याच संध्याकाळी घरमालकांनी खालची मिठाची बरणी आमच्याकडे वर आणून दिली. लोणची दिली, पापड दिले. त्या दिवसापासून त्या घरात मीठ नव्हतं. तेही अळणी जेवायला लागले. आई म्हणाली, "अहो, तुम्हाला कुठे पथ्य आहे?" त्यावर ते म्हणाले, "एका घरात दोन नियम ठेवले की हिशेब लागत नाही."

काकूंना मात्र ते जमेना. त्या खाण्याच्या शौकीन बाई होत्या. मुळ्याला मीठ लावून नुसता खायच्या, कैरीची फोड मिठात बुडवून डोळे मिटायच्या. अळणी भाजी त्या दोन घास खाऊन बाजूला सारत. "असं लागतं, जसं काही कागद चावते आहे," म्हणायच्या. डॉक्टरांना सुजेची काळजी होती, घरमालकांना मात्र वेगळीच. बाई सुजेने जाईल का उपासमारीने, असा प्रश्न होता. महिनाभरात काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

मग काकूंसाठी त्यांनी फळांची कोशिंबीर शोधून काढली. शोधून काढली हेच म्हणायला हवं, कारण त्यांनी त्याआधी आयुष्यात चूल पेटवली नव्हती. हिवाळ्यात पेरू, संत्रं, बोरं. चैत्रात कच्ची कैरी, खरबूज, काकडी. सगळं मक्याच्या दाण्याएवढं बारीक. त्यावर लिंबू, हिरवी मिरची, तव्यावर काळपट होईतो भाजून कुटलेलं जिरं आणि हाताने तोडलेला पुदिना. सुरी लावलेला पुदिना ते टाकून देत. आंबट, तिखट, गोड आणि कडवट यांनी मिळून जीभ इतकी गुंतवायची की तिला पाचव्याची आठवण होऊ नये, असा त्यांचा विचार होता. आणि काकू खायला लागल्या. कोशिंबिरीबरोबर एक पोळी जायची, कधी दीड.

सगळं काम पाच मिनिटांचं. खाणारा पाटावर बसल्याशिवाय ते सुरीला हात लावत नसत. पहिली फोड पडली की समोरच्या घड्याळाकडे बघत. पाच मिनिटांच्या वर वेळ गेला की फळाला पाणी सुटतं, आणि पाणी सुटलं की "कोशिंबीर संपली, सरबत सुरू झालं." एकदा कचेरीतले एक मोठे साहेब घरी आले होते. त्यांच्यासमोर वाटी ठेवली, आणि साहेब फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या वस्तीबद्दल बोलत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी साहेबांसमोरची वाटी उचलली. "ही आता खाण्यालायक नाही," म्हणाले, आणि आत जाऊन नव्याने कापायला बसले. साहेब पुन्हा आले नाहीत.

सुरी त्यांची चष्म्याच्या जुन्या घरात असायची, खिशात. फळं ते फूलबागेजवळच्या एकाच गाडीवाल्याकडून घेत. खरबूज देठाकडून हुंगायचं, ठेवायचं, दुसरं हुंगायचं. मी एकदा बरोबर होते. गाडीवाला म्हणाला, "बाबूजी, इतना तो लोग लड़की देखने में नहीं देखते."

"लड़की वापस नहीं होती," ते म्हणाले. "यह वापस आएगा."

आणि खरंच परत यायचं. आत फिकं निघालेलं खरबूज ते कापलेलं तसं फडक्यात बांधून नेऊन गाडीवर ठेवायचे. पैसे मागत नसत. गाडीवाल्याला कळावं, एवढंच.

उन्हाळ्याचा प्रश्न होता. काकूंना इंदूरचा प्रवास झेपत नसे, आणि कचेरी तर जाणार. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. त्यांनी मला समोर बसवलं आणि पंधरा दिवस शिकवलं. फोडी मोठ्या झाल्या की म्हणायचे, "परत." बस, एवढंच. मी चिडायचे, पण शिकले. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात काकूंची वाटी माझ्याकडे होती. इंदूरहून त्यांची पत्रं यायची, कचेरीच्या भाषेत. 'विषय: कोशिंबीर. संदर्भ: आपलं गेल्या मंगळवारचं पत्र. मुद्दा एक: नाशपाती कच्ची निघाली यात आपली चूक नाही. मुद्दा दोन: जिरं कुटून ठेवू नये, रोज कुटावं. मुद्दा तीन: पायांच्या सुजेबद्दल आपण काही लिहिलेलं नाही. कृपया कळवावं.' मुद्दा तीन प्रत्येक पत्रात असायचा.

काकू ती पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि हसायच्या. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला एक पत्र नाही. तुला बघ कशी येतात."

इंदूरचा तो शेवटचा उन्हाळा. शेवटचा आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. पावसाळा लागला तशा काकू पुन्हा खाईनाशा झाल्या. चार वर्षं तीच चव. मी फळं बदलून बघितली, मिरची वाढवून बघितली. वाटी अर्धी परत यायची. पत्रात मी 'ठीक आहे' लिहायचे, आणि लिहिताना माझा हात अडायचा.

आषाढी एकादशीला काकूंनी हट्टाने उपास धरला. आईने वरईचे तांदूळ केले होते. त्यात शेंदेलोण, म्हणजे सैंधव, घातलं होतं, आमच्याकडे उपासाला तेच घालतात. आमच्या फळीवर दोन बरण्या होत्या, एक मिठाची आणि दुसरी उपासाच्या शेंदेलोणाची. दोघींचा एकमेकींना स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये गुळाचा डबा. ते मीठ नव्हे, हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. उपासाला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. म्हणजे शेंदेलोण मीठ नाही. मला यात शंका येण्यासारखं काही दिसलं नाही. त्या दिवशी उपास म्हणून मी वरून चिमूटभर शेंदेलोण नेलं आणि काकूंच्या कोशिंबिरीवर घातलं.

काकूंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबल्या. मग पूर्ण वाटी खाल्ली. वाटीच्या तळाचा रस बोटाने पुसून खाल्ला.

"आज काय केलंस गं?"

"काही नाही. उपासाचं केलं."

"उद्याही उपासाचंच कर," काकू म्हणाल्या.

मी केलं. परवाही केलं. चातुर्मास होता, कोणता ना कोणता उपास असायचाच, आणि नसला तरी मी त्याचा विचार करेनाशी झाले. काकू दोन पोळ्या खायला लागल्या. गाणं म्हणायला लागल्या, खाली अंगणात बसून बायकांशी बोलायला लागल्या. मी इंदूरला लिहिलं, 'काकू आता दोन वाट्या खातात.' त्यांचं उत्तर आलं. त्यात पहिल्यांदाच मुद्दे नव्हते. 'आपलं पत्र कचेरीत वाचून दाखवलं. आपण माझ्यापेक्षा बरं करता असं दिसतं.' ते पत्र मी उशीखाली ठेवलं.

पाय सुजायला लागले होते. काकू पदर पायांवर ओढून घ्यायच्या. मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात थोडी सूज येतेच, असं मी स्वतःला सांगितलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ते परत आले. वळकटी ओसरीवर ठेवली, आत आले, आणि आधी काकूंचे पाय बघितले. मी वाटी घेऊन उभी होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि एक फोड तोंडात घातली. साडेचार वर्षं ज्या माणसाने मीठ खाल्लं नव्हतं, त्याला ते कळायला किती वेळ लागणार. फोड त्यांनी गिळली नाही. बाहेर जाऊन चूळ भरून आले.

"किती दिवस?"

"आषाढी एकादशीपासून," मी म्हणाले. "पण ते मीठ नाही काका. शेंदेलोण आहे. उपासाचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत. शाळेत एखाद्या मुलीला सोपं गणित येत नाही हे मास्तरांना कळावं, तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग टांगा आणायला गेले, काकूंना मुरारला डॉक्टरांकडे घेऊन गेले. काकू अठरा दिवस तिथल्या दवाखान्यात होत्या. परत आल्या तेव्हा अंगावर काही उरलं नव्हतं.

परत आल्यावर एकदा ते बाहेर गेले असताना काकूंनी मला जवळ बोलावलं. "पहिल्या घासालाच कळलं होतं मला. जीभ माझी आहे ना."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तू घातलं असतंस?" त्यांनी माझा हात धरला. "तुला ठाऊक नव्हतं गं. मला ठाऊक होतं. हे त्यांना मी सांगितलंय. पण त्यांचं डोकं कागदाचं आहे, एकदा लिहिलं गेलं की गेलं."

त्यानंतर काही दिवसांतच भोपाळचा हुकूम आला. भोपाळ म्हणजे कायमचं, सहा महिन्यांनी परत येणं नाही. एका रविवारी कचेरीतले दोघं त्यांची समजूत घालायला आले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते.

"अहो, वरचा ग्रेड मिळतोय तुम्हाला. वहिनींना घेऊन चला, क्वार्टरचं मी बघतो," एक जण म्हणाले. ते आमच्यातलेच, मराठी होते.

"प्रवास झेपणार नाही. डॉक्टर नाही म्हणतात."

"तो यहाँ छोड़ जाइए," दुसरे म्हणाले. "ऊपर माँ-बेटी हैं तो सही. गर्मियों में वही तो देखती थीं."

 मग त्यांचा आवाज आला. "आता नाही."

मराठीत बोलले. दुसऱ्यांना कळलंही नसेल. मी पुस्तक मिटलं.

"बड़े बाबू, पच्चीस साल की नौकरी है. बीवी को फल काट के खिलाने के लिए छोड़ दोगे? लोग हँसेंगे."

"हँसने दीजिए. फल तो काटने ही हैं."

त्यांनी अर्ज केला, की भोपाळ नको, ग्वाल्हेरातच कुठेही चालेल. मुरारच्या एका लहान कचेरीत जागा मिळाली, तीन पायऱ्या खालची. ज्याच्या हाताखाली बसायचं त्याला फाईल कशी लावायची हे त्यांनीच कधी शिकवलं होतं. लष्करातून मुरार लांब. दुपारी घरी येणं जमणार नाही, म्हणून त्यांनी त्या कचेरीसमोर भाड्याची एक खोली घेतली. स्वतःचं घर सोडून घरमालक भाडेकरू झाले. खालच्या खोल्यांना कुलूप लागलं. जाताना आईला नमस्कार केला. मला म्हणाले, "अभ्यास करा."

मी दोन महिने मुरारला गेले नाही. आई जायची. मग मला एक पत्र आलं, चार मैलांवरून, पोस्टाने. 'विषय: रविवार. आपण येत नाही याची नोंद घेतली आहे. कारण कळवावं, अथवा यावं.'

मी गेले. खोलीत एक खाट, एक पाट, भिंतीवर घड्याळ. काकू खाटेवर बसल्या होत्या, मला बघून त्यांनी जागा करून दिली. ते उठले, चष्म्याच्या घरातून सुरी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. दोन पेरू, एक संत्रं.

"कापा," म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले.

मी कापलं. फोडी लहान-मोठ्या झाल्या. लिंबू पिळलं, जिरं कुटलं, वाटी काकूंना दिली. मी वाट बघत होते की ते उठून एक फोड तोंडात घालतील. ते उठले नाहीत. पान उलटलं आणि वाचत राहिले. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी जात असे. माझ्या हातची वाटी त्यांनी कधी चाखून बघितली नाही.

अशी चार वर्षं गेली. दुपारी घंटा झाली की ते रस्ता ओलांडून यायचे, कापायचे, खायला घालायचे, परत जायचे. कचेरीतल्या लोकांनी त्यांना 'फल वाले बाबू' नाव ठेवलं होतं. त्यांना माहीत होतं. शेवटच्या हिवाळ्यात डॉक्टर खोलीवर येऊन गेले आणि बाहेर व्हरांड्यात त्यांच्याशी बोलले. पथ्याबद्दल या वेळी काही सांगितलं नाही. ते आत आले आणि बराच वेळ उभेच राहिले.

त्यानंतरचा रविवार होता. मी पेरू कापत होते. काकूंचा आवाज फार बारीक झाला होता.

"अहो, एकदा मीठ घालून द्या ना मला. त्या पोरीला नका सांगू. तुम्ही द्या."

ते खिडकीशी होते. वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. खोलीत मीठ नव्हतं, नऊ वर्षं नव्हतं. ते उठून शेजारच्या दारात गेले. शेजारी एका फौजीचं कुटुंब होतं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"बहनजी, थोड़ा नमक चाहिए."

"नमक? आपके यहाँ?" मग भांड्यांचा आवाज. "कटोरी तो लाते बाबूजी. हाथ में नमक नहीं देते, झगड़ा होता है."

"दे दीजिए," ते म्हणाले. "हमारा नहीं होगा."

ते मूठ मिटून आले. मी वाटी पुढे केली. त्यांनी चिमूटभर मीठ घातलं, थांबले, आणखी थोडं घातलं. मग खाटेवर बसून स्वतःच्या हाताने काकूंना चमचा दिला. काकूंनी डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

काकूंनी घास गिळला. दुसरा घेतला. मग हाताने वाटी हलकेच सारली.

"खारट झाली हो," त्या म्हणाल्या. "रोजची द्या."

ते माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "परत." मी दुसरा पेरू घेतला. मी कापत होते तोवर त्यांनी ती खारट वाटी घेतली आणि सगळी खाल्ली, एकेक फोड.

काकू त्याच आठवड्यात गेल्या.

ते लष्करातल्या घरी परत आले नाहीत. निवृत्त झाल्यावरही मुरारच्या त्याच खोलीत राहिले आणि शेवटपर्यंत अळणीच जेवले. मी शिकले, कॉलेजात ग्रंथपाल झाले, रविवारी जात राहिले. चातुर्मासाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, आई गेली त्या वर्षी, ते आपणहून म्हणाले, "त्या वर्षी तीन महिने ती जेवली. अंगणात गात होती असं वहिनी सांगायच्या. मी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत."

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि विषय संपला.

ते गेले त्याला आता दोन महिने झाले. मुरारची खोली तिच्या मालकाने परत घेतली. लष्करातलं घर पुतण्याकडे गेलं आहे. खाली त्याने भाडेकरू ठेवले आहेत, वर मी राहते.